जुनी गाडी घेण्याआधी तिची ओळख आणि साल कसे पडताळावे

ठाण्यात किंवा नवी मुंबईत जुनी फियाट, अ‍ॅम्बेसेडर किंवा जीप पाहायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न 'कुठल्या सालची?' हाच असतो, आणि समोरून उत्तरही तत्परतेने येते: 'अडुसष्टची.' हे अडुसष्ट नेमके कशाचे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ते गाडी कारखान्यातून बाहेर पडल्याचे साल असू शकते, पहिल्या नोंदणीचे असू शकते, आधीच्या मालकाकडून ती हातात आल्याचे असू शकते, किंवा मागच्या मोनोग्रामवरून कोणीतरी बांधलेला अंदाजही असू शकतो. या तारखा एकमेकींपासून वेगळ्या काढून पुन्हा शेजारी शेजारी मांडणे, एवढेच पडताळणीचे काम आहे. ते अवघड नाही, पण त्याला सवड लागते आणि विक्रेत्याच्या बोलण्याकडे थोडे दुर्लक्ष करावे लागते.

या लेखातील उदाहरणे प्रामुख्याने फियाट इलेव्हन-हंड्रेड आणि प्रीमियर पद्मिनी यांची घेतली आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी आपल्या भागात अजूनही वाड्यांच्या पडवीत आणि सोसायट्यांच्या मागच्या कोपऱ्यात सापडते, आणि सालाची सरमिसळही तिच्याच बाबतीत फार होते. पद्धत मात्र कोणत्याही जुन्या गाडीला लागू पडते.

सालाला एवढे महत्त्व का, तेही आधी सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. मात्र तिची चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आले, म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आता हा पन्नास वर्षांचा उंबरठा ओलांडू लागल्या आहेत. दोन-तीन वर्षांच्या फरकाने किंमत बदलू लागली की साल 'सरकवण्याचा' मोह वाढतो, हे वेगळे सांगायला नको.

पहिली पायरी: गाडी पाहण्याआधी तिचा वंश पाठ करावा

जी गाडी पाहायची आहे तिचे कोणते रूप कधी आले, हे एका कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद खिशात ठेवूनच जावे. फियाटपुरते बोलायचे तर इटलीत १९५३ मध्ये आलेल्या इलेव्हन-हंड्रेड एकशेतीन या मॉडेलवर आपल्याकडच्या गाड्या बेतलेल्या आहेत. पन्नासच्या दशकातील गोल पाठीच्या गाडीला मुंबई-ठाण्यात 'डुक्कर फियाट' म्हणत असत, आणि जुने मेकॅनिक अजूनही तसेच म्हणतात. त्यानंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी रूपे आली आणि १९६४ मध्ये 'डिलाइट' आली, जिचा मूळ साचा पुढे जवळपास तसाच चालत राहिला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' या नावाने आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली गेली. उत्पादन २०००-०१ च्या सुमारास थांबले.

यातूनच पहिला आणि सर्वांत मोठा सापळा तयार होतो. लोकांच्या तोंडी ही गाडी शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. त्यामुळे १९७८ च्या पद्मिनीवर फियाटचा मोनोग्राम लावून, मागे 'डिलाइट'ची अक्षरे बसवून आणि पुढचे ग्रिल बदलून ती 'साठच्या दशकातली फियाट' म्हणून उभी करता येते. त्यासाठी लागणारे सामान कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळते आणि दोन दिवसांत काम होते. गंमत अशी की असे करणाऱ्यांपैकी निम्मे लोक फसवत नसतात. त्यांना ती खरोखरच फियाट वाटत असते.

अ‍ॅम्बेसेडरच्या बाबतीतही असाच कागद करावा. उत्तरपाड्याच्या कारखान्यात लँडमास्टरनंतर आलेली ही गाडी मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली होती. पहिली आवृत्ती पन्नासच्या दशकाच्या अखेरीची, दुसरी, म्हणजे मार्क टू, साठच्या दशकाच्या सुरुवातीची, मार्क थ्री १९७५ ची आणि मार्क फोर १९७९ ची. मार्क टूचे ग्रिल बारीक चौकड्यांचे, तर मार्क थ्रीचे आडव्या पट्ट्यांचे आहे. सुरुवातीच्या काही गाड्यांत बाजूच्या व्हॉल्व्हचे १४७६ सीसीचे इंजिन होते आणि नंतर १४८९ सीसीचे आले. ग्रिल स्क्रूवर निघते, म्हणून केवळ त्यावरून मत बनवू नये, एवढे येथेच नोंदवून ठेवतो.

दुसरी पायरी: कागद वाचावेत, पण सावकाश

विक्रेत्याकडून मूळ आरसी बुक मागावे. झेरॉक्सवर किंवा फोनवरच्या फोटोवर समाधान मानू नये. जुन्या पुस्तकात हाताने लिहिलेल्या नोंदी असतात: पहिली नोंदणी, प्रत्येक मालकाचे नाव आणि हस्तांतरणाची तारीख, कर्जाचा बोजा, इंजिन बदलले असल्यास त्याची नोंद, रंग बदलल्याची नोंद. 'उत्पादनाचे साल' आणि 'नोंदणीची तारीख' हे दोन वेगळे रकाने आहेत, ते वेगवेगळे उतरवून घ्यावेत. पुष्कळ पुस्तकांत उत्पादनाच्या रकान्यात नोंदणीचेच साल लिहिलेले आढळते. कारकुनाने सोयीसाठी केलेली ती नोंद असते आणि तिचे वजन त्याच प्रमाणात धरावे.

नोंदणीचे साल आणि निर्मितीचे साल यांत किती अंतर पडू शकते, याचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मुंबईतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, म्हणजे गाडीचे उत्पादन थांबून दोन वर्षे उलटल्यावर. टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सीचे 'साल' कोणते, असे विचारल्यास दोन उत्तरे द्यावी लागतील आणि दोन्ही बरोबर असतील.

आता नंबर प्लेटकडे वळू. एमएच-०४ म्हणजे ठाणे, एमएच-४३ म्हणजे नवी मुंबई, एमएच-०५ कल्याण आणि एमएच-४६ पनवेल, हे येथील प्रत्येकाला ठाऊक असते. पण राज्याची दोन अक्षरे आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धतच १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर, १९८९ पासून सुरू झाली. त्याआधी तीन अक्षरे आणि पुढे आकडे असत. त्यामुळे १९६८ च्या म्हणवणाऱ्या फियाटवर एमएच-०४ किंवा एमएच-४३ चा नंबर असेल, तर तो तिचा पहिला नंबर नाही, हे निश्चित. याचा अर्थ गाडी खोटी असा नाही. ती परराज्यातून आलेली असू शकते, किंवा अन्य कारणाने तिची फेरनोंदणी झालेली असू शकते. पण मग आधीचा नंबर, आधीचे राज्य आणि तेथून मिळालेले ना-हरकत प्रमाणपत्र यांची साखळी दाखवणे ही विक्रेत्याची जबाबदारी ठरते. साखळीतील एक कडी जरी गायब असली, तरी पुढचे व्यवहाराचे बोलणे थांबवावे. उलट, तीन अक्षरांचा जुना नंबर असल्यास लगेच खूश होऊन त्या अक्षरांवरून सालही ठरवू नये. काही मालिका वर्षानुवर्षे रेंगाळल्या होत्या.

यानंतर परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून पाहावा. जुन्या गाड्यांची नोंद तेथे नसणे ही नेहमीची गोष्ट आहे, कारण हस्तलिखित पुस्तकांवरून संगणकात नोंद घेण्याचे काम, ज्याला 'बॅकलॉग एंट्री' म्हणतात, प्रत्येक गाडीचे झालेले नाही. नोंद असेल तर चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचा महिना या गोष्टी आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहाव्यात. नोंद नसेल तर व्यवहाराआधी मालकानेच ती करून घ्यावी, असा आग्रह धरावा. संबंधित कार्यालयातून गाडीच्या नोंदीचा उताराही काढता येतो. एजंट मंडळी त्याला 'पर्टिक्युलर्स' म्हणतात. त्याच सुमारास गाडी चोरीच्या नोंदीत नाही ना, हेही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेवर तपासावे.

सरकारी कागदांखेरीज घरगुती कागदही मागावेत. जुन्या विमा पॉलिसी, कराच्या पावत्या, गाडीसोबत आलेले माहितीपुस्तक, आणि मुख्य म्हणजे कौटुंबिक फोटो. तलावपाळीवर किंवा येऊरच्या पायथ्याशी गाडीला टेकून काढलेल्या एखाद्या कृष्णधवल फोटोत नंबर प्लेट आणि पुढचे ग्रिल एकत्र दिसले, तर त्या एका फोटोने जे सिद्ध होते ते दहा दाखल्यांनी होत नाही.

तिसरी पायरी: चेसिस नंबरची छाप घ्यावी

ही पायरी कोणीही टाळू नये, म्हणून येथे जरा थांबतो.

जीपसारख्या गाडीला खाली स्वतंत्र लोखंडी सांगाडा असतो. फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर यांची बॉडी आणि सांगाडा मात्र एकच आहे. त्यामुळे या गाड्यांचा 'चेसिस नंबर' बॉडीच्याच पत्र्यावर ठोकलेला असतो, आणि तेवढा पत्रा कापून दुसऱ्या गाडीत जोडला की गाडीची ओळखच बदलते. फियाटचे बॉनेट उघडल्यावर इंजिनामागचा जो उभा पत्रा दिसतो, ज्याला मेकॅनिक फायरवॉल म्हणतात, तेथे शोध सुरू करावा. नंबर दोन प्रकारे असतो: पत्र्यात ठोकलेला आणि वेगळ्या पट्टीवर उमटवून ती पट्टी रिव्हेटने बसवलेला. पट्टी बदलता येते, म्हणून ठोकलेला नंबर प्रमाण मानावा आणि पट्टीला साक्षीदार समजावे.

छाप घेण्याची कृती सोपी आहे. डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने तेलकट मळ हळूच पुसावा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात वापरू नये. त्याने उथळ अंक पुसट होतात आणि नंतर कोणी पाहिले तर घासल्याच्या खुणा आपल्याच नावावर लागतात. पत्रा कोरडा झाल्यावर मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून नंबरावर फिरवावी, वर पारदर्शक चिकटपट्टी बोटाने नीट दाबावी आणि एका हिसक्यात न ओढता एका टोकापासून उचलावी. शिसे पट्टीवर येते आणि खोल अंक पांढरे राहतात. ती पट्टी कोऱ्या कागदावर चिकटवून खाली तारीख आणि गाडीचा नंबर लिहावा. विम्याचे सर्व्हेअर वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत. सोबत टॉर्चचा प्रकाश बाजूने तिरका पाडून एक फोटोही काढावा, कारण सरळ प्रकाशात जे दिसत नाही ते तिरक्या प्रकाशात सावलीमुळे दिसते.

छापेत काय पाहायचे? सर्व अंकांची उंची, जाडी आणि वळण एकाच ठशांच्या संचातले आहे का, ते पाहावे. कारखान्यातील ठसेही हाताने ठोकलेले असू शकतात, त्यामुळे ओळ किंचित वरखाली असणे हा दोष नव्हे, आणि फारच सरळ, ताजी आणि स्वच्छ ओळ उलट शंकास्पद वाटावी. एखादा अंक इतरांपेक्षा खोल आहे का, एका अंकाखाली दुसऱ्याची पुसट कड दिसते का, नंबराभोवतीचा पत्रा आजूबाजूच्यापेक्षा पातळ झाला आहे का किंवा त्याच्या चारही बाजूंनी वेल्डिंगची रेघ गेली आहे का, हे बोट फिरवून आणि पत्र्याच्या मागच्या बाजूनेही तपासावे. तेथे पुट्टी भरली असेल तर चुंबक धरताच कळते: पत्र्यावर तो घट्ट बसतो, पुट्टीवर घसरतो.

या छापेचे मोल मला माझ्या मामांच्या गाडीने शिकवले. नौपाड्यातील त्यांच्या वाड्याच्या पडवीत साठच्या दशकातील एक डिलाइट कित्येक वर्षे ताडपत्रीखाली होती. जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवण्याची सक्ती आली तेव्हा ऑनलाइन अर्जात चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे भरायचे होते, आणि मामांनी आरसी बुकात पाहून भरलेले आकडे दर वेळी नाकारले जात होते. पुस्तकातील शाई ओलीने पसरली होती. मामा ज्याला तीन म्हणत होते तो मला आठ वाटत होता, आणि संगणकातही आठच नोंदवलेला निघाला. शेवटी रविवारी सकाळी आम्ही बॉनेट उघडले. नंबरावर मळाचा इतका जाड थर होता की पहिल्या दोन पट्ट्यांवर नुसता काळा डाग आला. तिसऱ्या पट्टीवर मात्र अंक स्वच्छ उठले आणि डावीकडे उघडा असलेला तीन स्पष्ट दिसला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी ती पट्टी आरसी बुकाच्या आतल्या पानावर चिकटवली आणि आत चहा सांगितला. नोंद दुरुस्त व्हायला पुढे बरेच हेलपाटे घालावे लागले, पण प्रत्येक टेबलावर ती पट्टीच बोलली. गाडी विकायची असती आणि खरेदीदाराने केवळ संगणकातील नोंद पाहिली असती, तर एका चुकीच्या आकड्यामुळे अस्सल गाडी खोटी ठरली असती.

चौथी पायरी: इंजिन नंबर

इंजिन नंबर इंजिनाच्या ब्लॉकवर असतो आणि त्याचीही छाप घ्यावी, पण त्याला दुय्यम स्थान द्यावे. पद्मिनीचे मूळ इंजिन १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आहे. पन्नास वर्षांत इंजिन बदलले जाणे स्वाभाविक आहे. पेट्रोल महागल्यावर डिझेल इंजिन बसवलेल्या फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर आपल्या रस्त्यांवर कमी नव्हत्या. बदल आरसी बुकात नोंदलेला असेल तर गाडी कायदेशीर आहे, फक्त 'मूळ' राहिलेली नाही, आणि व्हिंटेज नोंदणीच्या दृष्टीने हा फरक लक्षणीय आहे. बदल नोंदलेला नसेल तर तो आधी नोंदवून घेणे हे विक्रेत्याचे काम आहे. 'नंतर करून देतो' या आश्वासनावर पैसे देऊ नयेत.

पाचवी पायरी: बॉडीत रुजलेल्या खुणा आणि वरून लावलेले दागिने

नवख्या माणसाची चूक येथेच होते. तो मोनोग्राम, बंपर, दिवे, चाकांच्या टोप्या आणि स्टिअरिंग पाहतो; या सर्व गोष्टी पान्याने निघतात आणि पान्याने बसतात. साल ठरवताना विचार उलट्या दिशेने करावा. जुना भाग लावल्याने गाडी जुनी होत नाही. पण नंतरच्या काळात आलेली एखादी गोष्ट मूळ पत्र्यातच घडवलेली असेल, तर गाडी त्या काळाच्या आधीची असूच शकत नाही. म्हणजे बॉडीत रुजलेल्या खुणांपैकी जी सर्वांत उशिराची, ती गाडीच्या वयाची मर्यादा ठरवते.

फियाटमध्ये दारांपासून सुरुवात करावी. सुरुवातीच्या इलेव्हन-हंड्रेडची पुढची दारे उलटी उघडत, म्हणजे बिजागऱ्या मधल्या खांबाला असत; पुढे त्या नेहमीसारख्या पुढच्या बाजूला आल्या. मोनोग्राम डुक्कर फियाटच्या काळाचा आणि दारे सरळ उघडणारी, असे दिसले की बाकीचे तपासण्याआधीच उत्तर मिळते. त्याचप्रमाणे मागच्या मडगार्डचा आकार, मागच्या दिव्यांसाठी पत्र्यात पाडलेली खाच आणि डॅशबोर्डचा मूळ पत्रा पाहावा. दिवा बदलता येतो, पण त्याच्यासाठी असलेली खाच भरून नवी पाडली असेल तर डिकीच्या आतून हात घातल्यावर जोड लागतो. गालिचे, दारांचे रबर आणि सीट काढून त्याखालचा रंग पाहण्यास मालकाची परवानगी मागावी.

या शेवटच्या तपासणीत एक गोष्ट आवर्जून शोधावी. मुंबई आणि ठाण्यात खासगी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पद्मिनी पूर्वाश्रमीच्या टॅक्सी असतात. दाराच्या रबराखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे काळा रंग, छताच्या अस्तराखाली पिवळ्याची कड, डाव्या बाजूला मीटर बसवण्याची बुजवलेली भोके, छताच्या पन्हाळीवर कॅरिअरचे ओरखडे आणि डिकीत गॅसच्या टाकीच्या पट्ट्यांचे ठसे, यांपैकी दोन गोष्टी जरी सापडल्या तरी आरसी बुकात टॅक्सीपासून खासगीपर्यंतच्या बदलाची नोंद आहे का ते पाहावे. व्हिंटेजची तरतूद खासगी वापराच्या गाड्यांसाठी असल्याने हा प्रश्न निव्वळ भावनेचा राहत नाही.

सहावी पायरी: सुट्या भागांवरच्या तारखा

सुट्या भागांवरून साल सिद्ध होत नाही, पण मत पक्के होण्यास मदत होते. ल्युकास कंपनीच्या डायनॅमो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर आणि वायपर मोटरवर महिना आणि साल बारीक अंकांत ठोकलेले असते. चार आणि बासष्ट असे आकडे दिसले तर एप्रिल १९६२. काचेच्या कोपऱ्यातील कंपनीच्या शिक्क्यात ठिपक्यांच्या जागेवरून वर्षाचा शेवटचा आकडा सांगण्याची पद्धत काही कंपन्यांनी वापरली. पाच-सहा मूळ भागांवरच्या तारखा एकाच वर्षाच्या आसपास जमत असतील आणि गाडीच्या नोंदणीच्या काही महिने आधीच्या असतील, तर चित्र जुळते. सगळे भाग नोंदणीनंतरच्या तारखांचे असतील, तर एक तर गाडी खूप दुरुस्त झालेली आहे किंवा साल चुकीचे आहे. एखादाच भाग वेगळा असेल तर त्याची चिंता करू नये. गाडी चालवणाऱ्याने वायपरची मोटर बदललीच असणार.

जीप, परदेशी गाड्या आणि ऐंशीनंतरच्या गाड्या

लष्कराच्या लिलावातून आलेल्या दुसऱ्या महायुद्धातील जीप आपल्याकडे बऱ्याच आहेत आणि त्यांच्या भागांची खिचडीही बरीच आहे. विलीज कंपनीची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू या दोन्ही दिसायला जुळ्या असल्या तरी पुढच्या आडव्या दांड्यावरून ओळख पटते: विलीजचा दांडा गोल नळीचा, तर फोर्डचा उलट्या पन्हाळीसारखा. विलीजचा नंबर सांगाड्याच्या डाव्या दांड्याच्या आतल्या बाजूस रिव्हेट केलेल्या पट्टीवर असे, फोर्डचा त्याच दांड्याच्या वरच्या अंगावर ठोकलेला असे, आणि फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा 'एफ' हे अक्षर उमटवले होते. सांगाडा एकीचा, बॉडी दुसरीची आणि इंजिन महिंद्राच्या जीपचे, असे मिश्रण सापडले तर आश्चर्य वाटून घेऊ नये; नोंद सांगाड्याच्या नावाने व्हावी आणि किंमत मिश्रणाच्या हिशेबाने ठरावी.

परदेशातून आलेल्या गाडीसाठी जकातीचा मूळ कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, असलाच पाहिजे. अमेरिकन गाड्यांबाबत लक्षात ठेवावे की तेथे पुढील वर्षाचे मॉडेल आधीच्या वर्षाच्या शरद ऋतूतच बाजारात येत असे. म्हणून १९५४ च्या नोव्हेंबरात बनलेली शेव्हरोले १९५५ चे मॉडेल असू शकते आणि दोन्ही विधाने खरी असतात. इंग्लंडच्या कारखान्यात बनलेल्या मॉरिस, ऑस्टिन किंवा एमजीसाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडून मूळ नोंदींवर आधारित प्रमाणपत्र शुल्क भरून मागवता येते.

सतरा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच येत नाहीत. ती दिसली तर वाचण्यात किंवा लिहिण्यात चूक आहे. दहाव्या जागेवरील अक्षर मॉडेलचे साल सांगते, हा नियम अमेरिकेचा आहे आणि तो डोळे मिटून आपल्या गाड्यांना लावू नये. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या पहिल्या मारुती ८०० सुद्धा आता संग्राहकांच्या यादीत आल्या आहेत. त्यांच्यासाठी पहिली बॉडी, जी एसएस-८० म्हणून ओळखली जाते, आणि १९८६ मधील बदललेली बॉडी, यांतील भेदच सर्वांत विश्वासार्ह आहे.

सातवी पायरी: सगळे एका कागदावर

एका कागदावर उभे रकाने आखावेत: आरसी बुक, संगणकातील नोंद, पत्र्यावरची छाप, बॉडीच्या खुणा, भागांवरच्या तारखा. प्रत्येक रकान्यात जे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच लिहावे. विक्रेत्याने सांगितलेले वेगळ्या रंगाने लिहावे. छाप आणि आरसी बुक यांत एखाद्याच अंकाचा फरक असेल आणि तो तीन-आठ किंवा एक-सात असा नजरचुकीचा असेल, तर मालकाने संबंधित कार्यालयात दुरुस्ती करून आणेपर्यंत थांबावे. फरक त्याहून मोठा असेल, नंबर घासलेला किंवा जोडलेला दिसत असेल, तर टोकनही देऊ नये. अशी गाडी पुढे जप्त होऊ शकते आणि नुकसान शेवटच्या मालकाचे होते. कागद निर्दोष आहेत पण बॉडीच्या खुणा पाच-सहा वर्षांनी उशिराच्या आहेत, असे निघाले तर एकाच्या कागदांवर दुसरीची बॉडी चढलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि 'पत्रा सडला होता म्हणून बदलला' या खुलाशाने ती कमी होत नाही.

सगळे जुळले, तर व्हिंटेज नोंदणीचा विचार करता येईल. अर्ज नमुना वीसमध्ये करावा लागतो, सोबत विमा आणि जुने आरसी बुक किंवा बिल ऑफ एंट्री जोडावे लागते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते, आणि फेरनोंदणीला पाच हजार रुपये लागतात. नवा नंबर घेतल्यास राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. मात्र आधीच नोंदणी असलेल्या गाडीला आपला मूळ नंबर कायम ठेवता येतो आणि तीन अक्षरांचा जुना नंबर हातात असताना तो सोडू नये, असे माझे मत आहे. अशी गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. घोडबंदर रोडवरून रोज कार्यालयात न्यायची असेल, तर साधी नोंदणीच बरी.

नियमासाठी पहिल्या नोंदणीची तारीख धरली जाते आणि प्रदर्शनाच्या परीक्षकांना निर्मितीचे साल हवे असते. म्हणून अर्जात, क्लबच्या फॉर्मवर आणि पुढे कधी विकताना जाहिरातीतही दोन्ही वेगळी लिहावीत: 'नोंदणी मार्च १९६९, बॉडी आणि भागांवरून निर्मिती १९६८ ची.' घेतलेली छाप आरसी बुकाच्या आतल्या पानावर चिकटवून ठेवावी, आणि चिकटपट्टी काही वर्षांनी पिवळी पडून सुटते म्हणून तिचा एक फोटोही काढून ठेवावा.